शेतीसाठी वळवलेलं पाणी आणि नदीतला सॅल्मन : नेमकं बिघडतं कुठे?

ओंजळभर

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, शेवटी आज धागा काढतेय. सॅल्मन (समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत परतणारा मासा) घटले अशी बातमी आली की लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं शेतीने नदी पिऊन टाकली, दुसऱ्याचं म्हणणं चार माशांसाठी शेतकऱ्याच्या पोटावर पाय देताय. मला दोन्ही पटत नाही, आणि का ते अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरून सांगते, कारण तिथे ही दोन्ही टोकं लागोपाठच्या दोन वर्षांत बघायला मिळाली.

क्लॅमथ ओरेगनमध्ये उगम पावते आणि कॅलिफोर्नियातून जाऊन पॅसिफिकला मिळते. वरच्या भागात १९०५ पासून केंद्र सरकारने क्लॅमथ प्रोजेक्ट उभा केला, तळी आणि दलदली आटवून जमीन काढली, कालवे खोदले, साधारण दोन लाख एकर भिजतं त्याच्यावर. बटाटा, कांदा, धान्य, लसूणघास. २००१ ला दुष्काळ पडला. वरच्या तळ्यातले सकर मासे आणि खालच्या नदीतले कोहो सॅल्मन दोन्ही धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली येतात, त्यामुळे एप्रिलमध्ये बहुतेक शेतकऱ्यांना सांगण्यात आलं की यंदा पाणी मिळणार नाही. एप्रिलमध्ये! म्हणजे कर्ज काढून झालेलं, बियाणं आणून झालेलं. मे महिन्यात क्लॅमथ फॉल्समध्ये हजारो लोक रस्त्यावर रांग लावून उभे राहिले आणि हातोहात बादल्या पुढे देत पाणी कालव्यात ओतलं, निषेध म्हणून.

२००२ ला शेतीला पाणी परत सुरू झालं. वर्ष तेही कोरडंच. सप्टेंबरमध्ये चिनूक सॅल्मन समुद्रातून नदीत शिरले, संख्या त्या वर्षी चांगली होती, पण नदीत पाणी कमी आणि कोमट. खालच्या पट्ट्यात मासे पुढे सरकेनात, डोहांमध्ये एकमेकांना खेटून थांबले, आणि इक नावाचा परजीवी आणि कॉलम्नॅरिसचा जिवाणू एकाच्या कल्ल्यांवरून दुसऱ्याच्या कल्ल्यांवर असा पसरत गेला. काही दिवसांत किमान ३४,००० मासे मेले, सरकारी मत्स्य खात्याचा अंदाज आहे हा आणि तोही त्यांनी हात राखून धरलेला. अंडी घालायच्या आधीच मेले सगळे. यूरोक या नदीकाठच्या मूळ रहिवासी जमातीचं जेवण, रोजगार, विधी सगळं या माशाशी बांधलेलं, त्यांच्या दारात हे झालं.

माझं म्हणणं एवढंच की वर्षभरात नदीतलं किती टक्के पाणी शेतीला गेलं या आकड्यावरून भांडण्यात अर्थ नाही. कुठल्या आठवड्यात नेलं, कुठल्या जागेवरून नेलं आणि मागे राहिलेलं किती गरम होतं, याच्यावर मासा जगतो किंवा मरतो. ज्यांना यातलं माहितीये त्यांनी लिहा प्लीज.

नांगरधारी

धागा काढल्याबद्दल धन्यवाद, आणि २००१ चा उल्लेख केल्याबद्दल जास्त, कारण बहुतेक लेख थेट २००२ पासून सुरू होतात. पण एक विचारतो. त्या शेतकऱ्यांना तिथे सरकारनेच बोलावून वसवलं. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना तिथल्या जमिनी दिल्या, पाण्याची हमी सांगून दिल्या. आता त्यांची नातवंडं शेती करतायत आणि त्यांना म्हणायचं की पाणी तुमचं नव्हतंच? २०२१ ला तर मुख्य कालवा, ए कॅनल, अख्खा हंगाम बंद राहिला, प्रोजेक्टच्या इतिहासात पहिल्यांदा. विहिरींवर ताण आला, काहींच्या घरातल्या पिण्याच्या विहिरी आटल्या. हे पण हिशोबात धरा.

ओंजळभर

धरायलाच हवं नांगरधारी, आणि तुमच्या मुद्द्यातच पुढचा पेच आहे. सरकारने एकच पाणी दोघांना कबूल केलं. क्लॅमथ लोकांशी (ही तिथली मूळ रहिवासी जमात) १८६४ चा करार आहे, त्यात मासेमारीचा हक्क राखलेला आहे, आणि २०१९ ला फेडरल सर्किट कोर्टाने शेतकऱ्यांचा नुकसानभरपाईचा दावा फेटाळताना हेच धरलं की या जमातींचा पाण्यावरचा हक्क प्रोजेक्टच्या आधीचा आहे. म्हणजे शेतकऱ्याने फसवलं नाही कोणाला, त्यालाच अर्धवट गोष्ट सांगितली गेली होती.

मृणाल_के

छान माहिती. मला एक बेसिक प्रश्न, मासा नदीत पोहतोय, पाणी थोडं कमी झालं तर तो खोल जागी जाऊन थांबेल ना? पाऊस आला की पुढे जाईल. पाणी कमी होणं इतकं जिवावर का बेततं?

कल्लेदार

मृणाल, चांगला प्रश्न आहे, जरा सविस्तर सांगतो कारण मी या कामात काही वर्षं होतो.

मोठा मासा एकवेळ थांबू शकतो, पण किती? सॅल्मन नदीत शिरला की खाणं जवळजवळ बंद करतो. समुद्रात साठवलेल्या चरबीवर त्याला वर जायचं असतं, जोडीदार शोधायचा असतो, अंडी घालायची असतात. पाणी २०-२१ अंशांच्या वर गेलं की चिनूक चढायचाच थांबतो, आणि गरम पाण्यात नुसतं उभं राहायलाही जास्त ताकद लागते, वर ऑक्सिजनही कमी. म्हणजे थांबणं फुकट नसतं, रोज शिल्लक संपत असते.

पण खरा नाजूक जीव म्हणजे अंडी. मादी घरटं कसं करते ते एकदा काठावर बसून बघण्यासारखं असतं. उथळ, खळाळत्या पाण्यात, सुपारीपासून मुठीएवढे गोटे असतील अशी जागा ती निवडते. मग कुशीवर आडवी होते आणि शेपटी जोरात फडफडवते, गोट्यांना हात न लावल्यासारखं होतं पण पाण्याच्या ओढीने ते उचलले जातात आणि प्रवाह त्यांना जरासं खाली नेऊन टाकतो, बारीक गाळ धुऊन निघतो. असं करत करत खळगा तयार होतो, त्यात अंडी, नराचं वीर्य, मग ती थोडी वर सरकून पुन्हा शेपटी मारते आणि वरची खडी खाली येऊन अंडी झाकली जातात. शेवटी शेपटीचं टोक झिजून पांढरं पडलेलं दिसतं. काही दिवस ती त्या जागेची राखण करते आणि मरते.

आता ती अंडी खडीखाली महिनोन्महिने असतात. खडीच्या फटींतून झिरपणारं थंड पाणी त्यांना ऑक्सिजन देतं. त्याच काळात पाण्याची पातळी वीतभर जरी उतरली तरी काठाजवळची घरटी कोरडी पडतात. नदी वरून वाहतीच दिसते, पुलावरून बघणाऱ्याला काही कळणार नाही, पण अख्खी पिढी गेलेली असते. आणि अंड्यांना १३ अंशांच्या आसपास किंवा त्याखालचंच पाणी मानवतं, त्यावर गेलं की मरतूक वाढायला लागते.

पिल्लं बाहेर आली की तिसरा टप्पा. ती काठाच्या उथळ पाण्यात राहतात. सिंचनाची पाळी सुरू झाली, वरच्या दारातून एकदम पाणी ओढलं, नदी तासाभरात उतरली की ही पिल्लं बाजूच्या डबक्यात अडकतात. दुपारपर्यंत डबकं तापतं, नाहीतर बगळे येतात.

मृणाल_के

बापरे. पातळी वर-खाली होणं हेच एवढं महागात पडतं हे कधी वाचलंच नव्हतं.

रानवाट

यावरून याकिमाचं उदाहरण देतो, वॉशिंग्टन राज्यातलं, मला यातलं सगळ्यात आवडतं कारण इथे एक थेंब जास्त न वापरता फरक पडला.

याकिमा खोरं म्हणजे सफरचंद, हॉप्स, द्राक्षं, चेरी. डोंगरात पाच मोठे जलाशय, उन्हाळाभर त्यातून पाणी सोडतात आणि खाली कालवे भरतात. अडचण अशी की वसंतात येणारे चिनूक सप्टेंबरमध्ये वरच्या याकिमात अंडी घालतात, तेव्हा सिंचनामुळे नदी दुथडी भरलेली असायची, मासे बिचारे काठाला उंचावर घरटी करायचे, ऑक्टोबरात सिंचन संपलं की जलाशय भरायला दारं बंद आणि घरटी उघडी. १९८० च्या शरदात प्रकरण कोर्टात गेलं, याकामा लोकांच्या कराराच्या हक्कावर न्यायाधीश क्वॅकनबुश यांनी घरट्यांवर पाणी राहील एवढं सोडायला सांगितलं. शेतकरी घाबरले की पुढच्या वर्षीचा साठाच जाईल.

मग यंत्रणेने डोकं चालवलं. उन्हाळाभर वरच्या याकिमाच्या जलाशयांतून जास्त पाणी घ्यायचं, आणि सप्टेंबर आला की ते कमी करून खालच्या शेतांची गरज नाचीस या उपनदीच्या बाजूच्या रिमरॉक जलाशयातून भागवायची. याला ते लोक फ्लिप-फ्लॉप म्हणतात. त्यामुळे चिनूक येतात तेव्हा वरची नदी आधीच उतरलेली असते, ते कमी पातळीवर घरटी करतात आणि हिवाळ्यात ती पातळी राखणं परवडतं. शेताला तेवढंच पाणी मिळतं. फक्त कधी कुठून, एवढं बदललं.

अर्थात सगळं गोड नाही. नाचीसच्या बाजूला सप्टेंबरात अवेळी मोठा विसर्ग येतो, टिएटन नदीतल्या जिवांना तो सोसावा लागतो. आणि ते जलाशय बांधताना माशांना वर जायला वाट ठेवली नव्हती म्हणून तिथला सॉकाय सॅल्मन पूर्ण संपला होता, याकामा लोकांनी २००९ पासून बाहेरून आणून तो पुन्हा सोडायला सुरुवात केली.

अभय७७

सगळं ठीक आहे पण शेतीलाच का धरायचं? समुद्र तापतोय, धरणं आहेत, हॅचरीचे (पैदास केंद्रात वाढवलेले) मासे जंगली माशांत मिसळून वाण कमजोर करतात, गोल्ड रशच्या काळात सोन्यासाठी पाण्याच्या फवाऱ्यांनी डोंगर फोडून सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या नद्या गाळाने भरल्या, एकोणिसाव्या शतकात डबाबंद कारखान्यांनी बेसुमार मासे धरले. कॅलिफोर्नियात २००८ आणि २००९ ला सागरी सॅल्मन मासेमारी बंद केली तेव्हा समुद्रात अन्न कमी पडलं हे मोठं कारण निघालं होतं. आणि क्लॅमथची चार धरणं तोडली ना, मग आता तर प्रश्न मिटला असेल.

कल्लेदार

अभय, तुमची यादी बरोबर आहे, त्यातलं एकही कारण खोटं नाही. फक्त दोन गोष्टी.

एक, आयर्न गेट, कोप्को १, कोप्को २ आणि जे. सी. बॉयल ही चार धरणं वीजनिर्मितीची होती, सिंचनाची नाही. २०२३-२४ मध्ये ती काढली आणि २०२४ च्याच शरदात चिनूक ओरेगनमध्ये पोचले, शंभराहून जास्त वर्षांनी. मला ते फोटो बघून भरून आलं होतं. पण शेतीचे कालवे, वरचं लिंक रिव्हर धरण, कीनो धरण सगळं जागेवर आहे. तेव्हा पाणीवाटपाचा प्रश्न तसाच आहे, उलट आता मासे वर चढतात म्हणजे वरच्या भागातल्या उपनद्यांतलं पाणी आणि पिल्लं कालव्यात जाऊ नयेत म्हणून तोंडाशी जाळ्या आहेत की नाहीत हे जास्त महत्त्वाचं झालं.

दोन, समुद्राचं वाईट वर्ष पूर्वीही यायचं. तेव्हा नद्यांमध्ये वेगवेगळ्या वेळी निघणारे, वेगवेगळ्या वयाचे मासे होते, एका गटाचं नशीब फिरलं तरी दुसरा तगायचा. नद्या एकसारख्या करून टाकल्यावर तो आधार गेला. २००८ ची घसरण एवढी खोल का गेली याचं उत्तर त्यात आहे असं मला वाटतं. आणि २०२३, २०२४, २०२५ असं सलग तीन वर्षं कॅलिफोर्नियात व्यावसायिक सागरी सॅल्मन मासेमारी बंद ठेवावी लागली त्याच्यामागे दुष्काळातल्या गरम, आटलेल्या नद्या हे मोठं कारण आहे.

ओंजळभर

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीबद्दल कोणीतरी लिहा ना. तिथे तर उन्हाळ्यात नदीला भरपूर पाणी असतं म्हणतात, तरी अंडी मेली.

कल्लेदार

हो, आणि हे उदाहरण डोकं चक्रावून टाकतं. विंटर-रन चिनूक नावाचा एक गट आहे, फक्त सॅक्रामेंटोत. हिवाळ्यात नदीत येतात आणि भर उन्हाळ्यात अंडी घालतात. पूर्वी ते वर मॅकक्लाऊडसारख्या नद्यांत जायचे, तिथे ज्वालामुखीच्या खडकातून झऱ्यांचं थंडगार पाणी येतं म्हणून उन्हाळा परवडायचा. १९४० च्या दशकात शास्ता धरण झालं आणि वाट बंद. तेव्हापासून ते धरणाखाली, सॅक्रामेंटोच्या खोऱ्यातल्या रणरणत्या उन्हात अंडी घालतात आणि पूर्णपणे धरणातून येणाऱ्या गार पाण्यावर जगतात.

शास्ता जलाशयात गार पाणी तळाशी असतं. उन्हाळ्यात भातशेतीला, बदामाला, डेल्टातल्या (नदीच्या मुखाकडच्या) पंपांना पाणी लागतं म्हणून मोठा विसर्ग चालू असतो, नदी नैसर्गिक उन्हाळ्यापेक्षा जास्तच भरलेली असते, तिचा कालव्यासारखा वापर होतो. पण वसंतातच जास्त सोडलं की तळाचा गार साठा ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत पुरत नाही. २०१४ आणि २०१५ ला हेच झालं, अंड्यांतून आणि कोवळ्या पिल्लांतून ९५ टक्क्यांच्या आसपास गेली. सलग दोन वर्षं! आणि हा मासा बहुतेक तिसऱ्या वर्षी परत येतो, म्हणजे तीनपैकी दोन पिढ्या. नदीत पाणी होतं, गार नव्हतं. धरणाला १९९७ मध्ये वेगवेगळ्या खोलीवरून पाणी उचलायची यंत्रणा बसवली आहे, तरी गार साठाच नसेल तर ती काय करणार.

नांगरधारी

मग शेतकऱ्याने एप्रिल-मेमध्ये पाणी कमी घेऊन उशिरा घ्यावं असं म्हणणं आहे का? भाताची पेरणी मेमध्ये होते. उशीर झाला की पीक शरदातल्या पावसात सापडतं. पिकालाही वेळापत्रक असतं हो.

कल्लेदार

मान्य आहे, म्हणून काही वर्षी तिथल्या जुन्या हक्काच्या सिंचन मंडळांनी पेरणी आणि पाणी थोडं पुढे ढकलायला, काही जमीन पडीक ठेवायला संमती दिली, त्याचे पैसे घेऊन. पैसे द्यायलाच हवेत असं माझं मत आहे. मासा सगळ्या समाजाचा असेल तर त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये.

रानवाट

आता कायद्याकडे येतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात पाण्याचा हक्क म्हणजे जो आधी आला त्याचा आधी. १८८० चा हक्क असेल तर तुमचं पूर्ण भरल्यावर १९१० वाल्याला. यात नदीला स्वतःचा हक्कच नव्हता, कारण पाणी काढून वापरलं तरच हक्क तयार व्हायचा. आणि वापरलं नाही तर काही वर्षांनी तो जायचा. विचार करा, एखाद्या शेतकऱ्याला मनापासून वाटलं की ऑगस्टमध्ये चार आठवडे पाणी नदीत राहू दे, तर त्याचाच हक्क धोक्यात, आणि वर ते पाणी खालचा शेजारी कायदेशीर उचलणार. चांगुलपणाला दंड होता हा.

ओरेगनने १९८७ मध्ये कायदा करून नदीतच राहणाऱ्या पाण्याला हक्क म्हणून मान्यता दिली. शेतकरी आपला हक्क विकू शकतो, भाड्याने देऊ शकतो किंवा दान करू शकतो, जुनी तारीख तशीच राहते, हक्क बुडत नाही. १९९३ मध्ये ओरेगन वॉटर ट्रस्ट उभी राहिली ती हेच करायला, चाऱ्याची शेवटची कापणी सोडून द्या, त्याचे पैसे घ्या, ते पाणी ओढ्यात राहू द्या. छोट्या ओढ्यात एक-दोन क्युसेक पाणीसुद्धा डोह जोडलेले ठेवायला पुरतं.

आणि उलट टोक, २०२२ चा ऑगस्ट, क्लॅमथची उपनदी शास्ता. (धरण वेगळं, ही नदी वेगळी.) दुष्काळात उपसा थांबवायचा आदेश होता, काही पशुपालकांनी गुरांना पाणी नाही म्हणून जाहीर सांगून पंप सुरू केले, आठवडाभर चालवले, नदी जवळपास दोन तृतीयांशाने उतरली. दंड झाला दिवसाला ५०० डॉलर, एकूण ४,००० डॉलर. वाटून घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला किरकोळ. नंतर कायद्यात दंड वाढवला. मला त्या लोकांची हतबलता कळते, तळी कोरडी पडली होती, पण त्या आठ दिवसांत नदीत असलेल्या माशांना कोणी विचारलं नव्हतं.

मृणाल_के

मग सगळ्यांनी ठिबक आणि तुषार सिंचन केलं तर पाणी वाचेल, वाचलेलं नदीत राहील, सगळेच खूश. असं का होत नाही?

ओंजळभर

मृणाल, मलाही आधी हेच वाटायचं, पण इथे जपून पावलं टाकावी लागतात. शेताला मोकाट पाणी दिलं की पिकाने प्यायलेलं सोडून उरलेलं वाया जात नाही, बरंचसं जमिनीत मुरतं आणि काही आठवड्यांनी पाझरून नदीत येतं, जमिनीखालून आल्यामुळे गारही असतं. म्हणजे मेमध्ये कालव्यातून गळलेलं पाणी ऑगस्टमध्ये नदीचा गार झरा होऊन येऊ शकतं. कालव्याला अस्तर लावलं, तुषार बसवले, तर दारात कमी पाणी घ्यावं लागतं हे खरं, पण तो उशिराचा पाझरही आटतो. आणि वाचलेलं पाणी नदीत राहील असा करार नसेल तर शेतकरी त्याच पाण्यात आणखी जमीन भिजवतो, तिसरी-चौथी कापणी घेतो. मग पिकाने प्यायलेलं एकूण पाणी वाढतंच.

स्कॉट खोऱ्यात (हीसुद्धा क्लॅमथची उपनदी) कालव्यांऐवजी विहिरींचा उपसा वाढला तसं उन्हाळ्याच्या शेवटी नदीचे काही पट्टे कोरडे पडायला लागले. तिथे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने म्हटलं की भूजल उपशाने नदीला बाधा येत असेल तर सार्वजनिक विश्वस्ताचं तत्त्व (नदी सगळ्यांची, सरकार तिचं फक्त राखणदार) त्यालाही लागू होतं. विहीर नदीपासून लांब दिसते पण पाणी एकच आहे.

अभय७७

कालव्यात पिल्लं जातात असं वर कोणीतरी म्हटलं, ते नीट सांगा. जाळी लावली की झालं ना?

कल्लेदार

हे माझ्या आवडीचं. उघड्या कालव्याच्या तोंडाशी उभं राहून बघा, नदीचा अर्धा प्रवाह शांतपणे कालव्यात वळत असतो. समुद्राकडे निघालेलं बोटभर लांबीचं पिल्लू प्रवाहाबरोबर जातं, त्याला नदी कुठली आणि कालवा कुठला हे कळायचा काही मार्ग नाही. ते चारीतून शेतात जाऊन पडतं. हंगाम संपून कालवा बंद झाला की तळाच्या चिखलात अशी शेकडो सापडतात.

जाळी लावायची तर भोकं अडीच मिलिमीटरच्या आत हवीत, नाहीतर नुकतं खडीतून निघालेलं पिल्लू आरपार जातं. पण नुसती बारीक जाळी लावली तर पाण्याच्या ओढीने पिल्लू तिच्यावर चिकटून मरतं, म्हणून जाळीचं क्षेत्रफळ इतकं मोठं करावं लागतं की तिच्यातून जाणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला दहा-बारा सेंटिमीटरच राहील. मग पानं, शेवाळ, काटक्या. लहान कालव्यावर ड्रम बसवतात, पिंपासारखा आडवा जाळीचा गोल, निम्म्याहून जास्त पाण्यात बुडालेला, बऱ्याच ठिकाणी त्याच कालव्याच्या पाण्याने चालणारं पाणचक्र त्याला फिरवतं. समोरून चिकटलेली पानं वर चढून पलीकडे धुऊन जातात, आणि पिल्लांसाठी ड्रमच्या टोकाला एक पाइप असतो जो त्यांना परत नदीत सोडतो. तो पाइप बुजला तर सगळं फुकट, म्हणून कोणीतरी येऊन बघावंच लागतं, आणि बहुतेक ठिकाणी ते शेतकरीच बघतात, त्यांना त्याचा अभिमान असतो. आयडाहोच्या लेमहाय खोऱ्यात अशा खूप जाळ्या आहेत. तिथे खालचा एक पट्टा दर उन्हाळ्यात कोरडा पडायचा, तो शेतकऱ्यांशी करार करून वाहता ठेवला, आणि कालव्यांनी तोडलेले ओढे एकेक करून परत नदीला जोडले.

मोठ्या प्रमाणावर म्हणाल तर सॅक्रामेंटोवर रेड ब्लफचं बंधाऱ्यासारखं धरण होतं, दारं टाकली की मासे अडायचे. २०११ मध्ये दारं कायमची उचलली आणि बाजूला जाळ्या असलेलं पंपगृह बांधलं. शेताला पाणी मिळतं, नदी मोकळी.

वाटसरू_९

कॅलिफोर्नियातल्याच सॅन होकीन नदीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. फ्रायंट धरण १९४० च्या दशकात झालं, पाणी दोन कालव्यांनी शेतीला, आणि खाली साधारण ६० मैल नदीचं पात्र कोरडं. वाळू. वसंतातले चिनूक, जे तिथे प्रचंड संख्येने यायचे, १९५० च्या सुमारास संपले. १९८८ ला दावा दाखल झाला, २००६ ला तडजोड झाली, अठरा वर्षं. पाणी सोडायला लागले आणि २०१९ मध्ये वसंतातले चिनूक समुद्रातून परत आले. नदीला पाणी मिळालं की मासा येतो हे सिद्ध झालंय, तेव्हा आता मासा नामशेषच होणार, काही उपयोग नाही असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

नांगरधारी

हे वाचून बरं वाटलं. ज्याच्यात शेती आणि मासा दोघांचा फायदा आहे असं काही चालू आहे का? नुकसान कमी करणं वेगळं, फायदा वेगळा.

रानवाट

आहे, आणि तेही भातातच. सॅक्रामेंटोचं खोरं पूर्वी हिवाळ्यात मैलोन्‌मैल पसरायचं, पूरमैदानाच्या उथळ, संथ पाण्यात किडे बेसुमार व्हायचे आणि सॅल्मनची पिल्लं खाऊन गुबगुबीत होऊन समुद्रात जायची. मग बांध घातले, नदी बांधांच्या आत कोंडली, पूरमैदानाची भातशेती झाली. आता पिल्लं नदीच्या उपाशी धारेतून जातात, लहान राहतात, आणि लहान पिल्लू समुद्रात टिकत नाही.

१९९१ च्या कायद्याने पेंढा जाळण्यावर मर्यादा आल्या तेव्हापासून शेतकरी कापणीनंतर खाचरात पाणी सोडून पेंढा कुजवतात. यू. सी. डेव्हिस आणि कॅलिफोर्निया ट्राउटच्या लोकांनी योलो बायपासमधल्या (नदीच्या पुराचं पाणी वळवायला ठेवलेला पट्टा) खाचरात हिवाळ्यात पिल्लं सोडून बघितली, ती नदीतल्या पिल्लांपेक्षा कितीतरी वेगाने वाढली. पाणी हिवाळ्यातलं, पिकाशी भांडण नाही, शेतकऱ्याचा पेंढाही कुजतो, पाणपक्षीही येतात.

नांगरधारी

पण बांध आहेत ना मध्ये, पिल्लं खाचरात येणार कशी?

रानवाट

बायपासमध्ये येऊ शकतात, तिथे फ्रीमाँटच्या बंधाऱ्याला खाच पाडलीय म्हणजे नदी फार चढलेली नसली तरी मासे आत येतील. बांधापलीकडच्या शेतांत मासा येत नाही, म्हणून तिथे उलटं करतात, खाचरात पाणी काही आठवडे उभं ठेवून किड्यांनी भरलं की ते पाणीच नदीत सोडतात. मासा जेवायला येऊ शकत नसेल तर जेवण माशाकडे. यात शेतकऱ्याला पंपाचं वीजबिल आणि थोडी वेळेची शिस्त एवढंच लागतं, जानेवारी-फेब्रुवारीत पिल्लं खाली उतरत असतात त्याच आठवड्यांत पाणी सोडायला हवं, एप्रिलमध्ये सोडलं तर बहुतेक पिल्लं निघून गेलेली असतात.

नांगरधारी

हे माझ्यासारख्याला पटणारं आहे. वीजबिल कोण भरतं आणि एकरी किती मिळतात, माहिती मिळाली तर टाका इथे, भाताच्या माणसाला पहिला प्रश्न तोच पडणार.